इंदुमतीबाईंचे हात

हातमोजे चढवताच वृषालीच्या बोटांवर आईचे हात आले. आई जाऊन सात महिने झाले होते, पण दिव्यांग मुलांना भरवायची तिची हातोटी बालविकास खात्याने आधीच या मोज्यांत साठवून घेतली होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक नव्या अंगणवाडी सेविकेला आता तेच हात शिकवत.

समोर चार वर्षांची ओवी बसली होती. तिला मान सावरता येत नव्हती. मोज्यांनी वृषालीचा डावा हात तिच्या हनुवटीखाली नेला आणि उजव्या हाताने चमचाभर मऊ भात भरवला. वृषालीचे डोळे भरून आले. तेवढ्यात मोज्यांनी दुसरा चमचा उचललाही.

"अहो, पहिला घास गिळला नाही तिने अजून."

"एका मुलाला आठच मिनिटं," प्रशिक्षक देशभ्रतार म्हणाले. "मधलं थांबणं आम्ही गाळलंय. बाई फार वेळ लावायच्या."

त्या थांबण्यापायी आई रोज घरी उशिरा यायची. लहानपणी कितीतरी संध्याकाळी वृषाली एकटीच जेवली होती.

मोजे चमचा पुढे ओढू लागले. वृषालीने सगळा जोर लावून आईचा हात मागे धरून ठेवला. बऱ्याच वेळाने ओवीचा घसा हलला, घास उतरला.

मोज्यांवरचा दिवा लाल झाला.

"नापास," देशभ्रतार नोंद करत म्हणाले. "इंदुमतीबाईंची मुलगी ना तुम्ही? आईकडून निदान एवढं तरी शिकायचं, ताई."