हत्ती बाद

मैदानात हत्ती नव्हताच. काठीला बांधलेला पिवळा चेंडू म्हणजे हत्तीचा डोळा, असं समजायचं होतं. कार्टूनचा हत्ती मागाहून काढणार होते.

“गुरुजी, हत्तीचा पाय रेषेबाहेर गेला. वाजवा शिट्टी!” दिग्दर्शक ओरडला.

सिनेमात कबड्डीचे पंच झालेले साटम गुरुजी गावातही तीस वर्षं पंच होते. त्यांनी वाकून चुन्याची रेषा न्याहाळली आणि मान हलवली. “पाय दिसल्याशिवाय मी वैऱ्यालाही बाद देत नाही.”

सातव्यांदा विनवून दिग्दर्शकाने हात टेकले. “बरं, नुसती तोंडात धरा. आवाज आम्ही नंतर घालू.”

सिनेमा लागला, तेव्हा गुरुजी नातीला घेऊन पहिल्याच खेळाला गेले. पडद्यावर हत्ती धापा टाकत आला, चढाईवरच्या मुलाला चुकवताना घसरला आणि त्याचा गुबगुबीत अंगठा रेषेपलीकडे टेकला.

गुरुजी ताडकन उठले आणि त्यांनी खिशातली शिट्टी अशी फुंकली, की पडद्यावरची कुणाला ऐकूच आली नाही. थिएटरभर टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दिग्दर्शकाने वळून कोपरापासून हात जोडले.

“आता दिसला,” गुरुजी हात उंचावून गरजले. “बाद!”