पोत्याआडची रोपं

प्रदर्शनाच्या हॉलमधली सगळी गर्दी धाकट्या बहिणीच्या टेबलाभोवती होती. दादाच्या टेबलापाशी लोक थांबत होते ते फक्त चष्मा पुसायला.

दोघांचेही फॅन पाम एकाच आईचे, बहिणीच्या अंगणातल्या झाडाचे. बी तिनं दिलं, रोपं दादानं केली. पण एका आईची लेकरं सारखी थोडीच निघतात! दादाची सरळसोट, लांब देठांची, चारचौघांसारखी. तिची बुटकी, गोलमटोल, रुपेरी झाक मारणारी. पंख्यासारख्या पानाच्या घड्या इतक्या दाट की बघणाऱ्याचा हात आपसूक पुढे जावा.

"इतकी वेगळी रोपं तुम्ही निवडलीत कशी?" परीक्षक बाईंनी विचारलं.

या छंदातल्या माणसांचा नियमच आहे, बी ज्याचं, पहिली निवड त्याची.

"मला कुठलं कळतंय!" बहीण म्हणाली. "दादानंच माझ्यासाठी काढून ठेवली होती. त्याची नजर आहे."

टाळ्या पडल्या. बाईंनी कौतुकानं दादाचा हात हातात घेतला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहीण रोपं न्यायला येणार त्या सकाळी त्यानं उंच, तरतरीत रोपं टाकीमागे नेली होती आणि समोर पोतं आडवं लावलं होतं. तिच्यापुढे मांडली ती खुरटी, चुरगळलेल्या पानांची. पाठच्या बहिणीला फसवायला निघाला, आणि तेही धड जमलं नाही.

संध्याकाळी तिच्या गाडीत कुंड्या चढवताना त्याला राहवेना.

"अगं, ती रोपं मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "हात धुवायला टाकीपाशी गेले होते ना, तेव्हाच दिसली."

दादाच्या हातातली कुंडी हातातच राहिली. वर बघायची त्याला लाज वाटत होती.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुला हवी होती, तू घेतलीस."

"आणि आज? सगळ्यांसमोर माझं कौतुक कशाला केलंस?"

तिनं त्याच्या हातातली कुंडी काढून घेतली, सीटवर नीट टेकवली.

"दादा, आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच. ते मी लोकांत उघडं पाडू?"