एकशे वीसच्या आत

रांगेत त्यांच्यापुढे एकवीस जण होते. तेरा मुलं, सात मोठी माणसं आणि गॉगल लावलेला एक जण, ज्याला मुलांत धरावं की मोठ्यांत हे सांगणं कठीण होतं. रांगेच्या टोकाला राक्षसाचं उघडं तोंड होतं. त्याच्या अलीकडे काचेचा एक खांब. मुलानं खांबाला पाठ लावली की वर लाल आकडे उमटत. एकशे वीस सेंटिमीटरच्या आतलं मूल परत फिरे.

रामकिसनची सगळी भिस्त त्या खांबावर होती.

त्याची लेक अंबिका सात वर्षांची. पैठण रोडवर नव्या पार्कची पाटी लागली तेव्हापासून तिला दुसरा विषय नव्हता. गाडीत बसायचं, गाडी गुहेत शिरते, अंधारात राक्षस तुमचं नाव विचारतो. तुम्ही जेवढ्या जोरात ओरडाल तेवढी गाडी जोरात पळते. हळू बोललं तर तो गाठतो. घरी ती रिकाम्या हंड्यात तोंड घालून ओरडायचा सराव करायची. दोनदा ओरडलं की भिंतीला टेकून बसायची.

तिच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. औषध ताकदीचं आहे, एवढंच तिला माहीत होतं. दिवाळीत डॉक्टरांनी तिला उभं करून मोजलं होतं. एकशे सतरा पॉइंट दोन. आदल्या दिवाळीतही ती तेवढीच होती. औषध बदलून देत ते म्हणाले होते, "सहा महिने बघू. वाढली तर औषध लागू पडलं. नाही वाढली तर ऑपरेशन. तोवर दचकणं, धावणं, धक्के, काही नको."

ते सहा महिने पुढच्या आठवड्यात भरत होते. मधल्या काळात तिला कुणी मोजलं नव्हतं. फुलंब्रीहून आजीनं, भागूबाईनं, निक्षून सांगितलं होतं की मोजलेलं लेकरू खुंटतं. रामकिसनचा त्यावर विश्वास नव्हता, पण त्यानं मोजपट्टी माळ्यावर टाकून दिली होती.

वाळूजच्या एका कारखान्यात तो दिवसभर गेजनं, म्हणजे ठरावीक मापाच्या साच्यानं, लोखंडी पिना तपासायचा. पीन गेजमध्ये अडली की रिजेक्ट. कुणाला काही बोलावं लागत नाही, कुणाचं मन मोडावं लागत नाही. पार्कच्या जाहिरातीत उंचीची अट वाचली, तेव्हाच तो अंबिकाला म्हणाला होता, "नेतो की. सुट्टी लागली की नेतो."

"पप्पा, नाव नुसतं अंबिका सांगू का पूर्ण?"

"पूर्ण सांग."

"पूर्ण लई लांब हाय. तवर तो खाऊन टाकंल."

मागचा माणूस हसला. "बरोबर हाय तिचं. आमचं तर आडनावच सहा अक्षरी हाय. आम्ही गेलोच म्हणायचं."

पुढे खांबावर ११९.६ उमटलं. मुलगा रडायला लागला. त्याची आत्या खांबाशेजारच्या, पार्कच्या गणवेशातल्या मुलीशी हुज्जत घालू लागली. "आजच कटिंग केली हो त्याची. काल आणला असता तर बसला असता." मुलगी मान हलवत राहिली. दोघं बाजूच्या दारातून बाहेर गेली. रामकिसनला बरं वाटलं. खांब पक्का होता.

"अजून सांगा तिला," त्याची बायको द्वारका हळूच म्हणाली. "इथूनच मागं फिरू."

"मी कशाला सांगू? खांब सांगंल."

"एवढा मोठा बाप्या, अन् बोलायला खांब लागतो."

"अगं, तीन सेंटिमीटर कमी हाय ती. जरा रडंल. आइस्क्रीम घेऊ. डॉक्टरचं नाव बी काढायला नको."

द्वारकानं अंबिकाकडे पाहिलं. ती ओठ हलवत नाव पाठ करत होती. मग द्वारका नवऱ्याला म्हणाली, "म्हंजे पोरगी वाढली नाय पाहिजे, असंच मागताय ना तुम्ही?"

रांग दोन माणसांनी पुढे सरकली. रामकिसन सरकला नाही. मागच्या माणसानं त्याला हलकेच ढकललं. पुढे आता दोघंच उरले होते.

सकाळपासून तो मनात एकच गोष्ट घोकत होता. तीन कमी भरू दे. खांब नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात डॉक्टरही नाहीच म्हणणार होते. हे त्याला माहीत होतं. दोन्ही गोष्टी त्यानं एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आणि खांब हो म्हणाला, तर राक्षसाचं तोंड खांबापासून चार पावलांवर होतं.

"अंबे, चल बाहेर," तो म्हणाला. "तुला एक सांगायचंय."

"नंबर आला की आपला."

"आधी ऐक."

"आत जाऊन आले की ऐकते ना, पप्पा." तिनं त्याच्या हातातून बोटं सोडवून घेतली होती. एका पायावर उभी राहून ती सँडलचा बंद काढत होती.

"हां, चप्पल वहीं रखो बेटा," खांबाजवळची मुलगी म्हणाली. "पीठ लगाओ. हिलना नहीं."

अंबिका खांबाला टेकली. तिनं टाचा जमिनीला घट्ट लावल्या आणि श्वास रोखून धरला. द्वारकानं पदर तोंडाशी नेला. रामकिसन अंबिकाच्या डोक्यावरच्या काचेकडे बघत होता.

आकडे दोनदा हलले आणि थांबले.

१२१.४.