ठसका

कारेगावात पहिल्या पाळीची माणसं कंपनीत जाईपर्यंत कृपाबाईच्या इडल्या संपलेल्या असतात, त्या तिच्या शेंगदाण्याच्या तिखट चटणीमुळं. आजही तिनं भाजलेले दाणे नि लसूण बाजूला ठेवला आणि मूठभर लाल मिरच्या तेलात टाकल्या. इडल्या न्यायला आलेल्या सुलक्षणानं, शेजारच्या नव्या भाडेकरणीनं, आधीच ओढणीनं नाक दाबलं.

मिरच्या पार काळ्या पडल्या. घरभर धूर झाला. पण दोघींपैकी एकीलाही ठसका लागला नाही.

सुलक्षणानं ओढणी काढली. "मावशी, चटणीला दृष्ट लागलीया तुमच्या. दृष्ट असली की मिरची जळती, पण ठसका लागत न्हाई."

"आम्ही चर्चची माणसं. दृष्टबिष्ट मानत न्हाई."

"मग चटणी शिकवली कुणी, ते तरी सांगा."

"कुणीच न्हाई. चटणी माझ्या जावेची, जॉयसची. मागच्या खोलीत दार लावून करायची. मी फटीतून बघून शिकले."

तेवढ्यात त्या मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं. मग ठसक्यावर ठसका, श्वास घ्यायलाही उसंत नाही असा. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"अवो, आत कुणीतरी घुसमटतंय! कुलूप काढा आधी!"

"किल्ली जॉयसकडं हाय."

"मग बोलवा की तिला!"

कृपाबाईनं गॅस बंद केला.

"तिला पुरून महिना झाला, बाई. किल्ली तिच्या कमरेलाच राहिली."