पातळ पुस्तकं

"माझ्याविरुद्ध एक तक्रार लिहून द्या, मास्तर," दारातूनच ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. चार मजले चढून तिच्या गुडघ्यांचा पार भुगा झाला होता.

अकरा वर्षं ती ग्रंथालयाची पिशवी घरोघरी वाहत होती. गेल्या आठवड्यात काउंटरची जागा रिकामी झाली. बसून करायचं काम! तिने अर्ज टाकला आणि नेमकं त्याच दिवशी मास्तरांचं पत्र तिथे येऊन थडकलं. 'कधी कादंबरी, कधी मधमाश्या, कधी प्रवास, कधी विहिरींचा इतिहास. इतकी विविध, इतकी सुंदर निवड आजवर कुणी केली नव्हती.' ग्रंथपालांनी ते सगळ्यांसमोर वाचलं, टाळ्याही वाजवल्या. मग म्हणाले, "अशा बाईंना फेरीवरून काढायचं तरी कसं?" झालं. कौतुकानेच तिचा घात केला होता.

"पण पुस्तकं खरंच छान असतात, ताई," उशीला टेकून बसलेले मास्तर म्हणाले.

"कसली निवड घेऊन बसलात! कपाटापुढे उभी राहते आणि हातात तोलून बघते. जे पातळ, ते तुमचं. आत काय आहे, मला मेलीला ठाऊकसुद्धा नसतं."

मास्तर आधी खो खो हसले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"जाड पुस्तक धरवत नाही. तुम्ही यायच्या आधी पाच वर्षं वाचन बंदच होतं. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलंय. म्हणून जे आणाल ते वाचत गेलो."

तिला कसंसंच झालं. पण गुडघ्यांना ते कोण सांगणार? तिने कोरा कागद पुढे केलाच. मास्तरांनी तो घेतला. एवढंसं लिहायला त्यांना पाव तास लागला. घडी घालून कागद तिच्या हातात देताना म्हणाले, "तुमचं काम होईल बघा."

दोन मजले उतरल्यावर ती दम खायला थांबली आणि तिने घडी उघडली. वेडीवाकडी अक्षरं चार ओळींवर पसरली होती.

'पुस्तके फारच पातळ आणतात. यापुढे मला जाडजूड ग्रंथच हवेत.'

ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने गुडघ्यांना एक शिवी हासडली आणि परत वर चढू लागली.