न जळणारा कापूस

सरांनी टेबलावर ठेवलेला दगड पाहून धाकटी खुदकन हसली. हिरवट दगड आणि त्याच्या भेगेतून म्हातारीच्या केसांसारखे लोंबणारे पांढरे धागे. हा तर दगडी कापूस. तिच्या घरी याची अख्खी गादी होती. बाप खाणीत कामाला असताना डब्याच्या पिशवीतून आणायचा आणि आई तो पिंजायची. फुकटची ऊब, वर आगीची भीती नाही. आई चारचौघींत मिरवायची.

सर सांगत होते, प्रत्येक खनिजाची आतली रचना ठरलेली. मिठाचा खडा फोडा, चौकोनी तुकडे पडतात. अभ्रक सोला, पापुद्रे निघतात. हा अ‍ॅस्बेस्टॉस मात्र सुयांचा. जितका पिंजाल तितक्या सुया बारीक, शेवटी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. श्वासाबरोबर छातीत उतरतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. वर्षानुवर्षं गप्प बसतात. मग माणूस खोकायला लागतो.

धाकटीचं हसू मावळलं. बाप खोकून खोकूनच गेला होता. खाणीनं माझा माणूस खाल्ला, असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. त्याच्या हातची आठवण म्हणून गादी मात्र तिनं जिवापाड जपली होती. आज सकाळीच ती उसवायला घेतली होती. थोरलीच्या बाळाला त्यातून छोटी गादी करायची होती.

वह्या तिथंच टाकून धाकटी धावत सुटली. घराचा जिना चढताना खोकल्याची उबळ आली. धावण्यानं असेल, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

कापूस उडू नये म्हणून आईनं खिडक्या लावून घेतल्या होत्या. खोलीभर पांढरं धुकं. त्यात आई पिंजत बसलेली, शेजारी थोरली आणि तिच्या मांडीवर बाळ. तरंगणारी कुसळं धरायला ते हात नाचवत होतं.

धाकटीनं बाळाला उचललं आणि दाराबाहेर नेलं. तिथूनच, धापा टाकत, सगळं सांगितलं. सुया, छाती, बाबा.

थोरली उठून बाळामागे धावली. आईचे हात तेवढे थांबले नाहीत.

"चार बुकं वाचून मला कापूस शिकवतेस होय गं?" ती म्हणाली. "जन्मल्यापासून याच गादीवर लोळतेस. तुला काय धाड भरली?"

धाकटी उत्तर देणार होती. खोकला थांबला की लगेच.