शिव्या खाणारं मशीन

मिलिटरीच्या लिलावातून घेतलेल्या ट्रकवर, बंद लोखंडी डब्यात, सोमाचा जनरेटर होता. हरसूलकडच्या लग्नांत गाण्यांचा माइक त्याच्यावरच वाजायचा. मशीन अडलं की सोमा त्याला पान्याने ठोकायचा, आईबहिणीवरून शिव्या द्यायचा आणि ते सुरू व्हायचंच.

आज भर लग्नात, सोमा आत मशीनपाशी असतानाच, डब्याचं दार वाऱ्याने आदळलं आणि बाहेरून कडी लागली. त्यातच सायलेन्सरचा पाइप निखळला, धूर आत कोंडू लागला. गाण्यांच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार, म्हणून सोमाने मशीनच बंद केलं. मग पान्याने दार बडवत, खोकत, शिव्या घालत तो जीव खाऊन ओरडू लागला.



मांडवात नवरदेवाचा बाप उठलेल्या पाहुण्यांना म्हणाला, "बसा बसा, सोमानं शिव्या चालू केल्यात. आता व्हतंय मशीन सुरू."